निळा कोट कुणाच्याच अंगावर नाही

४ जानेवारी

लेकीनं नवी डायरी पाठवली आहे. कव्हर चामड्याचं, आत रेशमी फीत, आणि रेघा इतक्या फिकट की असून नसल्यासारख्या. कव्हरवर उधळपट्टी आणि शाईत काटकसर, हे हल्लीचं शहाणपण. मी जाड पेन काढलं आहे.

आज संध्याकाळी आम्ही 'बेट' सुरू केलं. युरोपातल्या कुठल्याशा थंड समुद्रातली खुनाची मालिका. मूळ नावाला जीभच वळेना, म्हणून धाकटीनं बारसं केलं: 'बेट'. धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघंही वेळेआधी गेले, तेव्हापासून या घरावर आमचं दोघींचं राज्य आहे. गादीवर मी आहे, कारभार ती बघते.

आमची पद्धत ठरलेली आहे. मालिकेतली माणसं त्यांच्या भाषेत बोलतात. खाली इंग्रजीत ओळी उमटतात. मी कॉन्व्हेंटची, सिस्टरांनी हातावर पट्ट्या मारून इंग्रजी पक्कं केलं. मी ओळी वाचते आणि लगोलग आपल्या भाषेत धाकटीला सांगते. धाकटीची शाळा आपल्या भाषेतली. कित्येक वर्षं हे असं चाललं आहे. अर्ध्या युरोपातले खून मी तिला तोंडी सांगितले आहेत.

'बेट'ची सुरुवात झकास. मासे डब्यात भरायच्या कारखान्यातली एक मुलगी धक्क्याजवळ मेलेली सापडते. तिची आई प्रवाशांना खोल्या भाड्यानं देते. तपासाला शहरातून जी पोलीस बाई येते ती केस विंचरत नाही, कुणाकडे पाहून गोड हसत नाही. मला तत्काळ आवडली. एक म्हातारा कोळी सांगतो, "निळ्या कोटातला माणूस पळताना पाहिला." ही ओळ बराच वेळ पडद्यावर होती, त्यामुळे नीट वाचता आली.

८ जानेवारी

दुसरा आणि तिसरा भाग. या लोकांना दिवे लावायला काय होतं? घरात अंधार, धक्क्यावर अंधार, दुपारीसुद्धा अंधार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. गोष्ट धड मांडता आली नाही की दिवा मालवायचा आणि त्याला कला म्हणायचं.

शिवाय ओळी पुसट आणि भर्रकन जाणाऱ्या. मधलं थोडं मी संदर्भानं जुळवून घेते. त्यात अवघड काही नाही. मी तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. आग लागली म्हणणारा, गाडी चोरीला गेली म्हणणारा, पाय घसरला म्हणणारा; कोण खरं बोलतो आणि कोण थाप मारतो, मला त्याच्या खुर्चीत बसण्यावरून कळायचं. माझ्या टेबलावरून खोटा दावा कधी पुढे सरकला नाही.

धाकटी मध्येच म्हणाली, "ताई, तो डॉक्टर एवढा वेळ बोलला आणि तुम्ही दोन शब्दांत आटोपलं?"

"सार सांगितलं. पाल्हाळ कशाला?"

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि लोकरीच्या सुया पुन्हा चालू केल्या.

११ जानेवारी

पुतण्याचा फोन आला होता. धाकटीचा मुलगा. नवीन घरात आईसाठी खोली तयार केली आहे, खिडकीतून बाग दिसते, कधी येतेस, असं म्हणत होता. धाकटी स्वयंपाकघरातून हळू आवाजात बोलली. हळू बोललं की मला जास्त ऐकू येतं.

मी म्हटलं, "जा की. मी काय दावणीला बांधलं आहे तुला?"

"बघू. 'बेट' तर संपू दे."

म्हणजे मालिका संपेपर्यंतचा मुक्काम. बरं झालं, कळलं.

मग लेकीचा फोन. तिचं ते नेहमीचं, "आई, डोळे दाखवून आलीस का?" मी म्हटलं, माझे डोळे ठीक आहेत, जगाचे दिवे बिघडले आहेत. ती हसली नाही. तिला काय ठाऊक? माझी आई डोळ्यांच्या ऑपरेशनला चालत गेली होती, पुस्तक पिशवीत घेऊन. परत आली ती माझ्या खांद्याला धरून. ते पुस्तक तिनं पुन्हा उघडलं नाही. मी कुणाला माझ्या डोळ्याला हात लावू देणार नाही. विषय संपला.

१५ जानेवारी

पाच भाग झाले आणि मला या मालिकेतली घोडचूक सापडली. सगळा तपास निळ्या कोटावर अडून बसला आहे, पण आतापर्यंत निळा कोट कुणाच्याच अंगावर नाही! डॉक्टरचा कोट तपकिरी, शाळामास्तरांचा तपकिरी, बोटीवरच्या तिकीटवाल्याचा तर मळकट तपकिरी. इतकी माणसं, इतका पैसा, आणि साधा एक निळा कोट शिवून घेता आला नाही?

धाकटीला म्हटलं. ती सुयांवरचे टाके मोजत होती. बराच वेळ मोजत राहिली. मग म्हणाली, "हो का, ताई?"

"हो का काय? तुला दिसत नाही?"

"मी विणताना कुठे नीट बघते," ती म्हणाली.

विणकामाचंही तसंच. हा स्वेटर ती स्वतःसाठी विणते आहे, आणि लोकर निवडली आहे चिखलाच्या रंगाची. मी तिला तसं सांगितलंही.

२२ जानेवारी

'बेट' संपलं. खुनी तिकीटवाला निघाला. त्याला निळा कोट न घालता खुनी ठरवलं, ही प्रेक्षकांची शुद्ध फसवणूक आहे. माझ्याकडे असा दावा आला असता तर त्यावर लाल शेरा मारला असता.

पण शेवट मात्र काळजात रुतला. पोलीस बाईचं काम झालेलं आहे. सामान भरून ती धक्क्याकडे निघाली आहे. मेलेल्या मुलीची आई दारात उभी, हात पदराला पुसावेत तसे ॲप्रनला पुसते आणि एकच वाक्य बोलते. ओळ आली आणि गेली. आईच्या चेहऱ्यावर सगळं होतं. मी धाकटीला सांगितलं, "म्हणते आहे, थांब गं. बोट काय, उद्याही असते."

धाकटीनं सुया खाली ठेवल्या. पडद्यावर नावं संपली तरी टीव्ही बंद करायचं भान राहिलं नाही तिला. मग उठून कप धुवायला गेली, आणि दोन कपांना जेवढा वेळ लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ नळ चालू होता. मी इथून ओरडले, "तळ गळून पडेल कपांचा!"

२३ जानेवारी

धाकटीनं सकाळीच मुलाला फोन करून कळवलं, सध्या येत नाही. मी कारण विचारलं.

"तिकडे टीव्हीचा आवाज फार मोठा असतो, ताई. डोकं दुखतं."

असेल. मला काय! पण चहा आज बरा झाला होता, तसं मी म्हटलंही. ती खुर्चीवरून पडता पडता राहिली.

वाचनालयात महिन्यातून एकदा प्रेक्षकांचा कट्टा भरतो. या वेळचा विषय: मूळ 'बेट' की त्याचा रीमेक? हो, आपल्या लोकांनी त्याचा रीमेकही काढला आहे. बेटाऐवजी धरणाकाठचं गाव, बाकी तेच. रीमेकच्या बाजूनं बँकवाले बोलणार आहेत. निवृत्त बँक मॅनेजर, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारे. मूळच्या बाजूनं मी.

"ओळी वाचत मालिका बघणं म्हणजे पुस्तक वाचायला टीव्ही लावणं," असं ते आज वाचनालयात, विषय ठरताना, सगळ्यांसमोर म्हणाले.

मी म्हटलं, "ज्यांना वाचायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठीच रीमेक निघतात."

ग्रंथपाल बाईंनी घाईघाईनं बिस्किटं फिरवली.

२७ जानेवारी

धाकटी उलटली. म्हणते, रीमेक बघू या.

"तूसुद्धा?"

"शत्रूकडे काय आहे ते बघितल्याशिवाय भांडणार कशा तुम्ही? आणि ताई, तुम्ही वाचायचं, मग मी ऐकायचं, यात माझे टाके चुकतात. आपल्या भाषेत असलं तर बरं पडेल मला."

इतकी वर्षं टाके चुकले नाहीत ते! पण तिच्यासाठी म्हणून लावला. पहिल्या भागाबद्दलची मतं: पोलीस बाई प्रेताजवळ येते ती थेट पार्लरमधून उठून. पाठीमागचं संगीत शिंकेलासुद्धा उसंत देत नाही. आणि मूळ मालिकेत जे सगळे गप्प राहून सांगतात, ते इथे प्रत्येक जण दोनदा बोलून सांगतो, न जाणो, आपण झोपलेलो असलो तर!

३ फेब्रुवारी

रीमेक संपला. डायरीत खोटं लिहायचं नाही हा नियम आहे, म्हणून लिहिते. मला आवडला. सगळा नव्हे. पण मधले काही भाग मी डोळे मिटून नुसते ऐकले आणि गोष्टीचा एकही धागा सुटला नाही. कपाळ दुखलं नाही. मूळ मालिकेत डॉक्टर आणि मुलगी यांचं नेमकं काय होतं हे मला आत्ता उलगडलं. तो तिचा मामा होता! मी धाकटीला तिचा प्रियकर म्हणून सांगितलं होतं. ओळी पुसट असल्या की असं होतं.

धाकटीला म्हटलं, "यांनी डॉक्टरला मामा केला बघ. गोष्ट बदलली."

"हो ना," ती म्हणाली. "बदलतात मेले."

हे बँकवाल्यांना कळता कामा नये.

७ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. लिहिते.

कट्ट्याला खुर्च्या कमी पडल्या इतकी गर्दी. बँकवाले घसा खाकरून बोलले आणि टाळ्या मिळवल्या. मग मी उठले. सुरुवात चांगली जमली. संगीतावर बोलले, पार्लरवर बोलले, लोक खळाळून हसले. मग न्याय म्हणून मूळ मालिकेचाही एक दोष सांगायचा ठरवला होता. म्हटलं, "सगळा तपास निळ्या कोटावर, आणि निळा कोट कुणाच्याच अंगावर नाही."

कुणी हसलं नाही. खुर्च्या करकरल्या.

बँकवाले घसासुद्धा न खाकरता म्हणाले, "अहो बाई, तिकीटवाला पहिल्या भागापासून निळ्या कोटात आहे. डोळ्यांत भरतो तो."

"तपकिरी!"

ग्रंथपाल बाईंनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो प्रसंग लावला. बोट, धुकं, तिकीटवाला. "हा काय निळा," मागून कुणीतरी म्हणालं. "निळाच," दुसरं कुणी. पुढच्या रांगेतल्या बाई माझ्याकडे वळून बघत होत्या. त्या नजरेत टिंगल असती तर मी परतवली असती. टिंगल नव्हती.

मी पडद्याकडे पाहिलं. मळकट तपकिरी. पुन्हा पाहिलं. तपकिरी.

धाकटी उठून उभी राहिली. जी दुकानात सुटे पैसे मागायलासुद्धा लाजते, ती. "आमच्या टीव्हीचा रंग गेलाय," ती मोठ्यानं म्हणाली. "कधीचा सांगते आहे ताईंना, दुरुस्त करून घ्या. सगळंच तपकिरी दिसतं त्यावर. चहा घ्या सगळ्यांनी, गार होतोय."

पण हा आमचा टीव्ही नव्हता. ते मला कळत होतं, तिला कळत होतं, आणि बहुधा खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. बँकवाल्यांनी माझ्या हातात चहा आणून दिला. बशी दोन्ही हातांनी धरून, मला नीट पकडता येईल अशी. त्याचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

८ फेब्रुवारी

संध्याकाळी सातला धाकटीनं टीव्ही लावला नाही. माझ्यासमोर येऊन बसली.

"परवा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. सकाळची वेळ आहे."

"मला न विचारता वेळ घेतलीस? कधी घेतलीस?"

"जानेवारीत. त्यांच्याकडे गर्दी असते."

"मी येणार नाही. आईचं काय झालं ते ठाऊक आहे तुला."

"ठाऊक आहे. तुमच्या आईंना तिथं एकटं सोडून सगळे बाहेर बसले होते, असं तुम्हीच सांगितलंत. मी आत येऊन बसणार आहे. नाही म्हणाले तर ओरडेन."

"तू? ओरडणार?"

"काल ओरडले की."



१० फेब्रुवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगलाच पिकलेला. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षाही लहान. मी त्यांना विचारलं, ऑपरेशन करायची परवानगी आहे का तुम्हाला, की शाळेतून चिठ्ठी आणावी लागते? त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, आजी, तुम्ही तपकिरी काचेतून जग बघत आहात, काच बदलू. निळा रंग सगळ्यांत आधी जातो आणि परत येतानाही तोच सगळ्यांत आधी लक्षात येतो.

आईच्या वेळेबद्दलही विचारलं. त्यांनी उडवून लावलं नाही. तेव्हा काय करत, आता काय करतात, सगळं कागदावर डोळा काढून दाखवलं. धोका शून्य नाही, हेही सांगितलं. ते ऐकूनच मला विश्वास वाटला. ज्या दाव्यात सगळंच चांगलं असतं तो खोटा असतो.

आधी उजवा डोळा करायचा. मी हो म्हटलं.

१९ फेब्रुवारी

उजव्या डोळ्यावर पट्टी. लिहिलेलं रेघ सोडून गेलं असेल, इलाज नाही. दुखलं नाही. धाकटीला आत येऊ दिलं नाही, पण दाराबाहेरून तिचा खोकला सतत ऐकू येत होता. तिला खोकला झालेला नाही.

उद्या पट्टी काढणार. भीती वाटते. लिहून ठेवलं.

२० फेब्रुवारी

काय सांगू!

फ्रिज पांढरा आहे. मला वाटत होतं आम्ही फिकट पिवळा घेतला होता. स्वयंपाकघराच्या फरशीवर डाग आहेत, आणि ते धाकटीला दाखवल्यावर ती म्हणाली, "आता सुटका नाही." तिचे केस पार कापसासारखे झाले आहेत. कधी झाले? आरशातल्या बाईबद्दल काही लिहीत नाही. तिनं आधी कळवून यायला हवं होतं.

आणि तो स्वेटर. तयार होऊन तिच्या अंगावर आहे. चिखल कसला! निळा आहे. संध्याकाळ व्हायच्या आधी आभाळ असतं तसा. मी तिला गोल फिरायला लावलं.

"अगं, हा निळा आहे!"

"हो, ताई."

"मग मी चिखल म्हणत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

"चिखलही छान असतो," ती म्हणाली.

२७ फेब्रुवारी

'बेट' पुन्हा पहिल्यापासून बघायचं, ही तिचीच आज्ञा. दुसरा डोळा होईपर्यंत मला ताण द्यायचा नाही म्हणे, म्हणून ओळी ती वाचणार.

"तू? इंग्रजी?"

"हळूहळू येतं थोडं."

"कुठे शिकलीस?"

"तुमच्या शेजारी बसून. वर्षानुवर्षं तुम्ही सांगायचा आणि खाली ओळ असायची. गाढवसुद्धा शिकलं असतं."

अडखळत वाचते. एक ओळ सांगेपर्यंत दोन निघून जातात. पण माणसांचे आवाज मात्र छान काढते. डॉक्टरसाठी तर नाकात बोलते. आणि तिकीटवाला आला तेव्हा दोघी एकदमच ओरडलो. निळा! इतका निळा कोट की आंधळ्यालाही दिसावा. म्हणजे, जवळजवळ.

६ मार्च

वाचनालयाच्या फलकावर माझं मत लावून आले: "निळ्या कोटाबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेते. दोष दिग्दर्शकाचा नव्हता, माझ्या मोतीबिंदूचा होता. मात्र रीमेकच्या संगीताबद्दलचा आक्षेप कायम आहे. कान उत्तम आहेत." बँकवाल्यांनी ते माझ्यासमोरच वाचलं, घसा खाकरला आणि विचारलं, "ऑपरेशन कुणाकडे केलंत?" त्यांच्या बायकोला दाखवायचं आहे. मी पत्ता दिला. रीमेकवाल्यांच्याही घरी माणसं असतात.

एक गोष्ट धाकटीला सांगितलेली नाही. मला खुर्चीतून सगळ्या ओळी स्वच्छ वाचता येतात. एकेक अक्षर. पहिल्याच दिवसापासून. परवा तिनं 'संशयित'च्या जागी 'साक्षीदार' सांगितलं आणि अर्धा भाग भलत्याच माणसाला पाठीशी घातलं. मी जीभ चावून बसले. अक्षरशः, सकाळी चहा झोंबला.

उद्या सांगेन तिला.

१३ मार्च

पुढच्या आठवड्यात डावा डोळा. आज 'बेट' दुसऱ्यांदा संपलं.

शेवटचा प्रसंग. पोलीस बाई सामान घेऊन निघाली आहे. आई दारात उभी. मला आठवत होतं ती काय म्हणते ते. किती छान वाक्य आहे हेही आठवत होतं. आईनं हात ॲप्रनला पुसले, ओठ हलले, आणि खाली ओळ आली. ठसठशीत, पांढरीशुभ्र, थांबलेली. मी सहज वाचली.

"शेवटची बोट सहाला सुटते." एवढंच. दुसरं काही नाही.

मी पुन्हा वाचली. तीच. माझं वाक्य तिथं नव्हतं. कधीच नव्हतं.

मी धाकटीकडे पाहिलं. ती निळा स्वेटर घालून पुढे वाकून बसली होती, ओठांनी शब्द जुळवत. तिला वाचता येत होतं. आताही, आणि जानेवारीतही. तिनं चष्मा सावरला. पडद्याकडे बघत, माझ्याकडे अजिबात न बघता, एकदाही न अडखळता म्हणाली:

"म्हणते आहे, थांब गं. बोट काय, उद्याही असते."

तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही खोटा दावा पुढे सरकला नव्हता. हा मी मंजूर केला.